पंचेचाळीस चिंचोके आणि सहासष्ट फेरे

करंजओहळच्या तलावाला एक फेरी मारायची तर किती अंतर पडतं, हे सांगणारी माणसं गावात पुष्कळ होती. फकिरा म्हणायचा, दोन बिड्या. सहादूअण्णा म्हणायचे, तीन कोस, आणि त्यांचा कोस ऐकणारा किती भोळा आहे त्यावर लहानमोठा व्हायचा. ग्रामपंचायतीच्या फलकावर नुसतंच 'विस्तीर्ण जलाशय' लिहिलेलं होतं, म्हणजे तिथेही कुणी मोजलं नव्हतं.

मोजलं शुभांगी पगारेने. नाशिकरोडच्या वसाहतीत वाढलेली, भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली शुभांगी २००३ साली इथल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायला आली. डोंगराच्या कुशीतली पत्र्याची शाळा, प्रयोगशाळेत एक तराजू आणि अडीच लोहचुंबक. दुसऱ्या वर्षी तिच्या लक्षात आलं की आठवीतली चांगुणा तलावापलीकडच्या पाड्यावरून रोज धावत येते आणि वर्गात बसल्यावर तिला धापसुद्धा लागलेली नसते. तिने विचारलं, "किती लांबून येतेस गं?" चांगुणा म्हणाली, "हे काय, इथनंच." या उत्तराने शुभांगीची झोप उडाली.

मग तिने शाळेच्या शिपायाची सायकल मागून घेतली. स्वतः सीटवर बसून, चाक दाबलेलं असताना, व्हरांड्यात दहा फेरे चालवले, अंतर टेपने मोजलं, दहाने भागलं. एका फेऱ्याला दोन मीटर एकोणीस सेंटिमीटर. चाकाच्या आऱ्याला पुठ्ठ्याची पट्टी बांधली, ती दर फेऱ्याला चाक धरणाऱ्या चिमट्यावर आपटून टक् वाजायची. शंभर टक् झाले की पदरात बांधलेला एक चिंचोका हँडलला बांधलेल्या डबीत जायचा. तलावाच्या काठाने, पावसाळ्यात पाणी जिथवर चढतं त्याच्या वरून, जुनी गाडीवाट आहे. त्या वाटेने ती तीन रविवार तलावाभोवती फिरली. तीनदा मोजून सुरुवातीची खूण शेवटच्या खुणेपासून थोडी मागे सरकवली, तेव्हा हिशोब चोख बसला: पंचेचाळीस चिंचोके आणि सहासष्ट फेरे. दहा किलोमीटर, अर्धा मीटर कमी.

दर पाचशे मीटरवर तिने मुलींकडून एकेक दगड चुन्याने रंगवून घेतला. गावात हसू झालं. "बाई देव बसवत्यात," फकिरा म्हणाला, आणि महिनाभरात सातव्या दगडाला खरोखरच कुणीतरी शेंदूर लावून नारळ फोडला. शुभांगीने तो तसाच राहू दिला. देव झाला तरी तो साडेतीन किलोमीटरवरच उभा होता, तिला तेवढं पुरे होतं.

चांगुणाला त्या वाटेवर पन्नास मिनिटं लागायची. वर्षभरात ती चव्वेचाळीस मिनिटं वीस सेकंदांवर आली. नाशिकला मुलींसाठी लांब पल्ल्याच्या धावण्याचं एक प्रशिक्षण केंद्र होतं, राहणं-जेवण-शाळा सगळं तिथेच. अट दोन गोष्टींची: दहा किलोमीटर चव्वेचाळीस मिनिटांच्या आत, तेही एखाद्या रीतसर स्पर्धेत, आणि वय सतराच्या आत. चांगुणाची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक जून होती. गावातल्या सगळ्याच पोरांची एक जून होती, पहिलीत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली होती. पण केंद्राला दाखला लागतो, आईचं ऐकून चालत नाही. दाखल्याप्रमाणे चांगुणाला सतरा पूर्ण होणार होती २००६ च्या जूनमध्ये. म्हणजे जे काय व्हायचं ते त्याआधी.

म्हणून २००५ च्या सप्टेंबरात नाशिकची एक प्रभात फेरीवाली मंडळी तलावावर आली, आणि इथे 'सरोवर परिक्रमा दौड' भरवणार म्हणाली, तेव्हा शुभांगीला आनंद झाला. हा आनंद फार टिकला नाही.

मंडळींचे अध्यक्ष कुंदनराव सोनजे यांचं द्वारका भागात टायरचं दुकान होतं. पहाटे गोदाकाठी चार किलोमीटर चालून नंतर तासभर मिसळ खाणाऱ्या तीस-चाळीस जणांना त्यांनी धावपटू करून टाकलं होतं, म्हणजे सगळ्यांना एकाच रंगाची टोपी दिली होती. तलाव काठोकाठ भरलेला पाहून ते म्हणाले, "स्वित्झर्लंड!" ते कधी स्वित्झर्लंडला गेले नव्हते, पण दुकानात कॅलेंडर होतं.

"मॅडम, हे पांढरे दगड तुमचे? किती भरतं?"

"दहा किलोमीटर. अर्धा मीटर कमी."

"अर्धा मीटर!" कुंदनराव मित्रांकडे वळून हसले. "अहो, अर्धा मीटर तर माझं पोट पुढे आहे." पण आकडा त्यांनी वहीत टिपून घेतला. मोजण्याचे कष्ट वाचले होते.

स्पर्धा ठरली फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी. हवा छान असते म्हणून. फेब्रुवारीत तलाव कुठे असतो, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. तलावासारखी वस्तू सहा महिन्यांत जागा सोडेल, हे नळाचं पाणी पिणाऱ्याला सुचत नाही.

करंजओहळमध्ये ते शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दिवाळीनंतर पाणी ओसरायला लागतं. बांधाच्या बाजूला ते फारसं हलत नाही, पण पाड्याकडच्या सपाट अंगाला तीन-चारशे मीटर आत जातं. मागे उघडा पडतो काळा, ओला गाळ. त्यात बायामाणसं चिठ्ठ्या टाकून पट्टे वाटून घेतात आणि हरभरा पेरतात. गाळपेर म्हणतात त्याला. ना नांगर, ना खत, ना पाणी द्यायचं काम. चांगुणाची आई झुंबरबाई हिला त्या वर्षी पट्टा लागला होता नवव्या दगडाच्या खाली. घरचं वर्षाचं कडधान्य त्या एका पट्ट्यातून यायचं.

फेब्रुवारी लागताच कुंदनरावांची माणसं बांबूचे झेंडे घेऊन आली. वरच्या गाडीवाटेवरून त्यांना पाणी लांबवर चमकताना दिसलं आणि मधे सगळा हरभरा. फोटोत सरोवर कसं येणार? त्यांनी कुंदनरावांना फोन लावला. कुंदनराव म्हणाले, "पाण्याच्या कडेने घ्या." पाण्याच्या अगदी कडेला पाय घोट्यापर्यंत रुततो, म्हणून त्यांनी झेंडे थोडे वर, घट्ट गाळात ठोकले. म्हणजे थेट घाटे, म्हणजे शेंगा, धरलेल्या हरभऱ्यात.

शुभांगीने दुसऱ्याच दिवशी सायकल काढली. बसता येईना, म्हणून पट्टीचे टक् मोजत ती ढकलत नेली. सीटवर भार नसला की फेरा किंचित लांब पडतो, तेवढे फेरे तिने हिशोबात वाढवून धरले. अडतीस चिंचोके आणि बारा फेरे. आठ किलोमीटर तीनशे अठ्ठेचाळीस मीटर. शनिवारी अर्धी शाळा करून ती वडापच्या जीपने नाशिकला गेली.

"या मॅडम, या! चहा सांगू?" कुंदनरावांच्या टेबलावर छापून आलेल्या प्रमाणपत्रांचा गठ्ठा होता.

"अंतर चुकलंय. झेंडे खाली लावलेत. ती वाट दहा किलोमीटर नाही, आठ किलोमीटर साडेतीनशे मीटरसुद्धा नाही."

"तलाव तोच आहे ना?"

"हो."

"फेरी तलावालाच आहे ना?"

"हो."

"मग? तेव्हा तुम्हीच दहा म्हणालात, आता तुम्हीच आठ म्हणता. तलाव आटेल मॅडम, अंतर कसं आटेल?" दुकानातली दोन माणसं हसली.

शुभांगीने इकडेतिकडे पाहिलं. भिंतीला टेकून ट्रॅक्टरचा टायर उभा होता. "या टायरला बाहेरून दोरी गुंडाळा. मग आतून, रिमच्या कडेने गुंडाळा. दोन्ही दोऱ्या सारख्या भरतील?"

"ते कसं होईल?"

"इथेही तेच. एक पाऊल आत सरकलं, की पुऱ्या फेरीत सव्वासहा पावलं कमी होतात. तलाव लहान असो की मोठा."

कुंदनराव तीस वर्षं इंचावर टायर विकत होते. त्यांनी टायरकडे पाहिलं, शुभांगीकडे पाहिलं, आणि क्षणभर तिला वाटलं की दिवा लागला. मग ते म्हणाले, "अहो, ते टायरचं झालं. तलाव म्हणजे काय टायर आहे?"

या वेळी चहा घेऊन आलेला माणूसही हसला.

"आणि हरभरा? लोकांची पिकं आहेत त्यात."

"भरपाई देणार ना! प्रत्येक शेतकऱ्याला एक टी-शर्ट. आपण काय कुणाचं फुकट तुडवत नाही." ते पुढे झुकले. "मॅडम, तुमचीही एक मुलगी आहे ना धावणारी? तिचा टाइम उलट चांगलाच येईल की. तुम्ही कशाला एवढं बारीक बघता?"

शुभांगीची नजर गठ्ठ्यातल्या वरच्या कागदावर गेली. खाली उजव्या कोपऱ्यात छापलं होतं: 'अंतर प्रमाणित — प्रा. शुभांगी पगारे, एम.एस्सी.' ती प्राध्यापक नव्हती. एम.एस्सी. नव्हती. एका ओळीत तीन चुका होत्या, आणि तिसरी सर्वांत मोठी होती.

"हे नाव काढा."

"छापून झालं ना मॅडम! आता काय, रविवारी लोक प्रमाणपत्राशिवाय घरी जातील?"

परतीच्या जीपमध्ये ती कुंदनरावांची मनातल्या मनात सालटी काढत राहिली. पण त्र्यंबकचा फाटा मागे पडला तसा एक आकडा डोक्यात फिरायला लागला. खालच्या वाटेने चांगुणाला लागतील सदतीस मिनिटं. केंद्राला हवीत चव्वेचाळीस. मे संपायच्या आत दुसरी स्पर्धा नाही. एक जून कुणासाठी थांबणार नाही.

सोमवारी तिने चांगुणाला प्रयोगशाळेत बोलावलं. वाट आखूड आहे, हे खरंखरं सांगितलं.

"मंग माझी निवड होईल?" चांगुणाने विचारलं.

"होईल."

"खोटी?"

शुभांगीने तराजूच्या पारड्यावरची धूळ पुसली. तिथे धूळ नव्हती. "तू वरच्या वाटेवरही एक दिवस चव्वेचाळीसच्या आत येणारच आहेस. थोडं आधी धरलं एवढंच. तू झेंड्यांच्या वाटेने धाव." तीन वर्षं मुलांना मापनातील त्रुटी शिकवणाऱ्या बाईचं हे वाक्य होतं. कुंदनरावांनी निदान अडाणीपणाने केलं होतं.

चांगुणा "बरं बाई" म्हणाली आणि गेली.

रविवारी पहाटे सहा वाजता तलावावर लाउडस्पीकर लागला. नाशिकहून, ओझरहून, सिन्नरहून मिळून दोनशे दहा जण आले. काहींच्या बुटांना अजून किमतीचं लेबल होतं. एक गृहस्थ जागच्या जागी उड्या मारून इतके तापले की सुरुवातीलाच खाली बसले. गावातली सात पोरं अनवाणी, शाळेच्या गणवेशात, रांगेच्या टोकाला उभी होती. कुंदनरावांनी शिट्टी वाजवली, आणि स्वतः जीपमध्ये बसून धावपटूंच्या पुढे निघाले.

शुभांगी नवव्या दगडापाशी घड्याळ घेऊन थांबली. इथेच झेंडे वाट सोडून खाली हरभऱ्यात उतरत होते. झुंबरबाई आणि शेजारणी पट्ट्याच्या कडेला उभ्या होत्या, हातात पहाटे हरभऱ्यावर अंथरलेली ओली फडकी. दंवात उतरलेला हरभऱ्याचा खार फडक्यात टिपायचा आणि पिळून बाटलीत भरायचा, त्याला आंब म्हणतात. पोटदुखीवर वर्षभर पुरते. त्या वेळी हरभऱ्यात कुणी पाय घालत नाही. फुलोरा झडतो, फांद्या मोडतात, आणि माणसाच्या पोटऱ्या वेगळ्या चरचरतात.

"बाई, ह्ये खरंच यातून जायाचे?" झुंबरबाईने विचारलं.

"जाणार."

"येडे हायती का?"

शुभांगीला याचं शास्त्रीय उत्तर देता आलं नाही.

पुढच्या घोळक्यात चांगुणा होती. तिच्या मागे दहा पावलांवर भाग्यश्री, कुंदनरावांच्या मंडळींतल्या एकाची पुतणी, गुलाबी बुटांत, जीव तोडून. झेंड्यापाशी भाग्यश्री खाली वळली. मागून शहरातले सगळे वळले, हरभरा तुडवत, दंव उडवत. चांगुणा झेंड्यापर्यंत आली. तिने खाली आईकडे पाहिलं. मग वर बाईंकडे पाहिलं.

"खाली!" शुभांगी ओरडली. "चांगुणा, खाली!"

"घाटं भरल्यात बाई," चांगुणा धावता धावताच म्हणाली, आणि पांढऱ्या दगडांच्या वाटेने सरळ निघून गेली. तिच्यामागे गावातली बाकीची सहाही पोरं. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. भरल्या हरभऱ्यातून दंव असताना धावायचं, हे त्यांना सांगूनही समजलं नसतं.

शुभांगी तिथेच उभी राहिली. आपण एका पोरीला तिच्याच आईचं पीक तुडवायला ओरडून सांगितलं, हे तिला तेव्हा कळलं. झुंबरबाईने ते ऐकलं होतं. झुंबरबाई फडकं पिळत राहिली.

भाग्यश्री पहिली आली, त्रेचाळीस मिनिटं वीस सेकंद. ढोल वाजले. तिच्यामागे कुणी पोहोचायच्या आत, गाडीवाटेकडून चांगुणा आली. शुभांगी नवव्या दगडावरून पाड्याच्या आडवाटेने सायकल दामटत शेवटच्या खुणेवर पोहोचली होती. तिच्या हातातल्या घड्याळात त्रेचाळीस मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद झाले होते. पुरे दहा किलोमीटर. पहिल्यांदाच चव्वेचाळीसच्या आत.

"हिला बाद करा," कुंदनराव जीपवरून म्हणाले. "मार्ग सोडला."

"ती तुमच्या वाटेपेक्षा दीड किलोमीटर जास्त धावलीये," शुभांगी म्हणाली.

"कितीही धावू दे मॅडम. नियम म्हणजे नियम. उद्या कुणी घोटीवरून फिरून येईल आणि म्हणेल मी जास्त धावलो." सगळे हसले. मग तासभर कुंदनराव प्रमाणपत्रं वाटत राहिले. साठीच्या एका गृहस्थांना आयुष्यातला सर्वोत्तम वेळ लागल्याचं कळलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाकीच्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण ते पोटऱ्यांमुळे. खरचटलेल्या कातडीवर हरभऱ्याची आंब बसली की काय होतं, ते दोनशे माणसं एकाच वेळी खाजवत शिकत होती. मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल, शुभांगीने मनात म्हटलं. सरोवर परिक्रमेत तेवढीच एक गोष्ट अचूक काम करत होती.

झुंबरबाईला एक टी-शर्ट मिळाला. त्यात तिने मोडलेला हरभरा बांधून घरी नेला.

केंद्राकडे यादी गेली, तीत चांगुणाचं नाव नव्हतं. शुभांगीने दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. चांगुणा रोज धावत शाळेत येत राहिली आणि त्या रविवाराबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही. शुभांगीला ते शिव्यांपेक्षा जड गेलं.

एप्रिलच्या एकोणीस तारखेला शाळेच्या दारात एक मोटारसायकल थांबली. केंद्राचे प्रशिक्षक भिमाजी खैरनार, उन्हात रापलेले, संतापलेले. हातात भाग्यश्रीच्या प्रमाणपत्राची प्रत.

"प्राध्यापक पगारे कोण?"

"पगारे मी. प्राध्यापक कुणी नाही."

"ही सही-शिक्क्याची मुलगी मैदानावर बावन्न मिनिटांत आली, आणि शेवटी रडली. तिचा काय दोष? दोन महिने घरी सगळ्यांनी डोक्यावर घेतलेलं. तुम्ही अंतर प्रमाणित केलंय. लाज नाही वाटत?"

"वाटते," शुभांगी म्हणाली. "पण तुम्ही म्हणता त्याची नाही." तिने शिपायाकडून सायकल आणवली, पुठ्ठ्याची पट्टी बांधली आणि चिंचोक्यांची डबी खैरनारांच्या हातात दिली. "वरच्या वाटेने जा, पांढऱ्या दगडांच्या. दर शंभर फेऱ्यांना एक चिंचोका. मी सोबत येत नाही, नाहीतर म्हणाल बाईंनी मोजून दिलं."

खैरनारांनी डबीकडे पाहिलं. "मी काय शाळेतला पोरगा आहे?"

"ते परत आल्यावर कळेल."

ते तासाभराने आले, शर्ट घामाने चिकटलेला. "पंचेचाळीस चिंचोके," ते धापा टाकत म्हणाले, "आणि एकाहत्तर."

"सहासष्ट आहेत. पाच फेरे तुम्ही वाकडे चालवलेत. सातव्या दगडापाशी देव आहे, तिथे बहुतेक नमस्काराला वळलात."

खैरनारांनी डबीचं झाकण लावलं. वळले होते.

मग ते म्हणाले, "तुमच्या पत्रांतली ती, जिला बाद केलं, कुठाय?"

ऊन उतरल्यावर चांगुणा धावली. घड्याळ खैरनारांचं होतं आणि शुभांगीने ते हातातही घेतलं नाही. ती वर्गात बसून नववीचे पेपर तपासत राहिली, एकाच पेपरला तिने दोनदा वेगवेगळे गुण दिले. खैरनार आत आले तेव्हा त्यांनी नुसतं घड्याळ तिच्यासमोर धरलं. त्रेचाळीस एकतीस.

"स्पर्धा नसली तरी चालेल. सोमवारी मैदानावर घेतो, माझ्या जबाबदारीवर. जन्मतारीख?"

"एक जून."

"सगळ्यांचीच असते," खैरनार म्हणाले आणि कागद भरला.

जूनमध्ये चांगुणा नाशिकला गेली. त्याआधी झुंबरबाई शाळेत एक बाटली ठेवून गेली, आंबेची. "पोटात दुखलं तर घ्या बाई," एवढंच म्हणाली. शुभांगीने ती कपाटात लोहचुंबकांशेजारी ठेवली.

ऑगस्टमध्ये एकाच दिवशी दोन पत्रं आली. एक कुंदनरावांचं, जाड कागदावर. यंदा दौड एकवीस किलोमीटरची करायची ठरली आहे, तलाव तोच, तरी मॅडमनी तसं प्रमाणपत्र द्यावं. शुभांगीने त्याच्या पाठीवर बाजाराची यादी लिहिली.

दुसरं पोस्टकार्ड होतं, चांगुणाच्या गोल अक्षरात. जेवण चांगलं आहे, बूट चावतात, भाग्यश्रीसुद्धा आता रोज मैदानावर येते, चांगली पोरगी आहे. आणि शेवटी: 'बाई, इथल्या मैदानाची एक फेरी चारशे मीटर म्हणतात. मला थोडी कमी वाटते. खैरनार सर म्हणाले, मोजून दाखव. सायकल मिळाली आहे. चिंचोके पाठवा.'